जर, तर आणि नाहीतर

कविता लिहिणाऱ्याने संगणकाच्या प्रोग्रामविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण थोडक्यात आणि नेमके कसे सांगावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

मतदारयादीचे उदाहरण घेऊ. १९८९ साली आपल्याकडे मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. नवशिका प्रोग्रामर ही अट अशी लिहितो : 'वय १८ किंवा अधिक असेल तर पात्र म्हणजे खरे, नाहीतर पात्र म्हणजे खोटे.' चार ओळी होतात. पण 'वय १८ किंवा अधिक' या तुलनेचे उत्तर मुळातच खरे किंवा खोटे असते. तेच उत्तर सरळ 'पात्र'मध्ये ठेवले की एका ओळीत काम भागते.

दोन गोष्टींतून एक निवडायची असेल, तर सी भाषेत प्रश्नचिन्ह आणि कोलन वापरतात. पायथनमध्ये ही सोय २००६ साली, २.५ आवृत्तीत आली. तिथे आधी उत्तर, मग अट : 'मतदान करा, जर पात्र, नाहीतर थांबा.' अगदी बोलल्यासारखे. मात्र एका अटीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी कोंबू नये. अशा वेळी चार ओळीच बऱ्या.

नकाराशी तर फारच जपून वागावे. मदुराईत १८०६ साली जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम इथे उपयोगी पडतो. 'यादीत नाव आणि ओळखपत्र दोन्ही आहे' याचा नकार म्हणजे 'नाव नाही किंवा ओळखपत्र नाही.' नकार आत घेताना 'आणि'चा 'किंवा' होतो. तो करायचा राहिला, तर दोन्ही नसलेलाच अडवला जाईल. एकच असलेला आत शिरेल.

आणि 'किंवा अधिक'ऐवजी नुसते 'पेक्षा जास्त' लिहिले तर? एक चिन्ह वाचते, पण नुकतीच १८ वर्षे पूर्ण केलेली मुलगी यादीबाहेर राहते. यंत्र कुरकुर करत नाही, चूकही दाखवत नाही. म्हणून अट लिहिली की १७, १८ आणि १९ ही तिन्ही वये घालून पाहावीत.

शेराच्या दोन ओळींतून दोन अर्थ निघाले तर मैफल दाद देते. प्रोग्रामच्या अटीतून मात्र एकच अर्थ निघायला हवा, कारण तिच्या पलीकडे कुणीतरी आपले नाव शोधत उभे असते.