आपले वसतिगृह आणि नवी यंत्रविद्या
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



विद्यार्थी वसतिगृहाच्या नियोजित इमारतीविषयी आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांनी आज्ञा केली. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. स्थापत्यशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु हिशेबाची वही आम्ही जन्मभर तपासली, आणि प्रस्तुत प्रश्न हिशेबाचाच आहे. मंडळापुढे आलेल्या आराखड्यात जुनी कौलारू इमारत पाडून सपाट स्लॅबची, सरकत्या काचांची, वातानुकूलित अशी ‘स्मार्ट’ वास्तू उभारण्याची सूचना आहे. तिचे वीजबिल अखेर मुलांच्या शुल्कातूनच भरावयाचे. आंब्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या ज्ञातिबांधवाच्या मुलास तेथे राहणे परवडेल काय, हे या आराखड्यावर ठरणार आहे.

इमारत ‘स्मार्ट’ होते म्हणजे काय होते? खोलीतील उष्मा, माणसांचा वावर, टाकीतील पाण्याची पातळी ही सेन्सर नावाचे लहानसे यंत्र जाणते. दुसरे यंत्र त्यावरून निर्णय घेते. आणि त्याप्रमाणे दिवा, पंखा वा पंप चालू किंवा बंद होतो. चांगल्या घरातील दक्ष गृहिणी हेच करीत आली आहे, इतकेच की ती झोपते व यंत्र झोपत नाही. ही विद्या त्याज्य आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिला बसवावयाचे कोठे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपली हवा पुण्याची नव्हे. तेथे हवा कोरडी, म्हणून जाड भिंतीआड गारवा टिकतो. येथे समुद्राची दमट हवा; घाम वाळत नाही, म्हणून जीव कासावीस होतो. अशा ठिकाणी समोरासमोरच्या खिडक्यांतून वाहणारा वारा हेच खरे औषध. आपल्या पूर्वजांनी जांभ्याचे चिरे, उतरते कौलारू छप्पर व पडवी यांची योजना केली ती उगीच नव्हे. ब्रह्मदेशच्या थिबा राजास 1910 साली ज्या वाड्यात ठेवले, त्याचीही छपरे उतरतीच आहेत. उलट सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, नेमक्या अभ्यासाच्या वेळी, ते खोलीत ओततो. वर पांढरा रंग द्यावा असे कोणी सुचवतात. आपल्या पावसात तो शेवाळाने किती दिवसांत काळा पडतो ते सभासदांस ठाऊक आहे. शेवटी त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड घालावी लागते. मग छप्पर दोनदा बांधण्यात कसले शहाणपण?

हैदराबादेस 2003 साली सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरची जी इमारत जगभर वाखाणली गेली, तिच्यातही जाळीच्या भिंती आहेत व वारा आत घेणारे मनोरे आहेत. आधी वास्तूची रचना, मग यंत्रे, हा क्रम तेथील जाणत्यांनीही सोडला नाही.

आता आकडे पाहू. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज खातो. नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅट. चाळीस पंखे रोज दहा तास चालले, तर 30 युनिटांच्या जागी 12 युनिट लागतील, म्हणजे महिन्यास 540 युनिटांची बचत. संगणकाच्या एका खोलीस वातानुकूलन हवे असेल तर अवश्य घ्यावे, परंतु ते 24 अंशांवर ठेवावे. तापमान एक अंश वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. जिन्यातील व न्हाणीघरातील दिवे सेन्सरवर असावेत. सर्वांत आधी मात्र पाण्याच्या टाकीस स्वयंचलित नियंत्रक बसवावा. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असता टाकी भरून वाहते आणि पंप रिकामा घरघरतो, हे दृश्य सभ्य संस्थेस शोभत नाही.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. छपरावर सौरपट्ट्या घातल्या म्हणजे अशा वेळी दिवे लागतील, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु वाहिनीस जोडलेली साधी सौरयंत्रणा वाहिनी बंद पडताच स्वतःही बंद होते. तारेवर काम करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच असते. बॅटरी घेतली तरच उपयोग, आणि तिचा खर्च निराळा. म्हणून दारे, खिडक्या, नळ ही सारी हातानेही उघडतील अशीच असावीत. शिवाय खाऱ्या वाऱ्यात उघडी यंत्रे लवकर गंजतात. त्यांची देखभाल कोण करणार व कोणत्या पैशाने, हे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात कोठेही लिहिलेले नाही.

तरी आमची विनंती अशी की, जुनी इमारत पाडण्याचा ठराव एक वर्ष स्थगित ठेवावा. मजल्यामजल्यास निराळा वीजमीटर बसवावा, दोन खोल्यांत तापमापक टांगावेत आणि सकाळ, दुपार व रात्र नोंद ठेवण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे द्यावे. त्यांच्या वहीची प्रत आम्ही पुढील संमेलनात मंडळापुढे ठेवू. तोवर ठेकेदारास आगाऊ रक्कम देऊ नये.