ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यासाठी वाहनाची निवड

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा न्हाणीघराचीही सोय असलेले, परंतु स्वतःचे इंजिन नसलेले चाकांवरचे छोटे घर असून, ते मोटारीच्या मागे हिच नावाच्या लोखंडी जोडणीला अडकवून ओढले जाते. अमेरिकेत सहलीची ही रीत जुनी आहे, आणि तेथे स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब जेव्हा असा ट्रेलर घेण्याचा विचार करते, तेव्हा त्याच्यासमोर जाहिरातीतील एकच ठळक आकडा असतो, तो म्हणजे वाहनाची ओढण्याची कमाल क्षमता. हा आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो.

बहुतेक उत्पादक ही क्षमता एसएई या अभियंता-संस्थेच्या जे २८०७ या मानकानुसार ठरवतात. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ भर उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ताशी किमान ६४ किलोमीटर वेगाने चढून जाण्याची अट त्यात असल्यामुळे इंजिन व गिअरबॉक्स यांची कसून परीक्षा होते. मात्र वाहनात प्रत्येकी सुमारे ६८ किलो वजनाचे चालक आणि एक सहप्रवासी एवढीच माणसे धरलेली असतात. मागच्या आसनावर नातवंडे आणि भारतातून आलेले आजी-आजोबा बसले, त्यांच्या बॅगा चढल्या, की तो आकडा त्या कुटुंबाच्या कामाचा राहत नाही.

निर्णायक ठरतो तो पेलोड, म्हणजे चालकासह सर्व माणसे आणि सामान मिळून वाहनाने अंगावर वाहण्याची मर्यादा, आणि ती चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेली असते. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जो भार टाकतो तोही याच मर्यादेत मोजावा लागतो, ही गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. समजा, भरलेला ट्रेलर ३,००० किलोंचा आहे आणि पिकअपचा पेलोड ६८० किलो आहे. १३ टक्क्यांनी दांड्याचा भार ३९० किलो होतो, हिचचे साहित्य ४० किलोंचे धरले तर २५० किलो उरतात, आणि ६५ किलोंची चार माणसे बसताच एकही पिशवी न ठेवता मर्यादा ओलांडली जाते, मग जाहिरातीत चार टनांची क्षमता का लिहिलेली असेना.

दांड्याचा भार कमी करून ही अडचण सोडवण्याचा मोह घातक आहे. मागे जास्त माल भरलेली बैलगाडी उलार होते, तसाच मागे जड झालेला ट्रेलर पुढून हलका पडतो, आणि मग बाजूच्या वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या ट्रकच्या झोताने तो डावी-उजवीकडे झुलू लागतो; वेग वाढेल तसा हा झोका वाढत जाऊन अखेर ओढणारे वाहनच रस्त्यावरून फेकले जाऊ शकते. वाहन जड आणि त्याच्या पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर लांब असेल, तर ते या झोक्याला अधिक चांगले तोंड देते. ब्रिटनमध्ये नवख्यांना ट्रेलरचे भरलेले वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक न ठेवण्याचा सल्ला देतात तो याच कारणाने. हिचवरचा भार पुढच्या आसाकडे वळवणारी भारवाटपाची हिच उपयुक्त असते, पण तिने वाहनाची मंजूर मर्यादा वाढत नाही.

मोठ्या ट्रेलरला स्वतःचे विद्युत ब्रेक असतात आणि ते चालवणारे नियंत्रक उपकरण वाहनात बसवलेले असावे लागते. लांब उतारावर मात्र खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच वेग आवरण्याची सोय अधिक मोलाची ठरते, कारण सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांना ओढण्याचा जोर भरपूर असतो, परंतु ट्रेलर जोडल्यावर त्यांचा पल्ला बहुधा निम्म्यावर येतो.

माहितीपत्रकातील ट्रेलरच्या कोऱ्या वजनात टाकीतील पाणी, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण धरलेले नसते, आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल मंजूर वजनावरून करावा, आणि पहिल्या प्रवासापूर्वी महामार्गावरील ट्रकांच्या वजनकाट्यावर सर्व माणसे व सामान घेऊन वजन करून घ्यावे.