खाऱ्या पाण्याची कसोटी
(पुणतांबा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गोदाकाठच्या या गावी, चांगदेव महाराजांच्या समाधीच्या सान्निध्यात, समुद्रातील मासे व प्रवाळ यांविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या तरुण मंडळींच्या दिवाणखान्यांत आता खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या आल्या आहेत. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. तेथे जाऊन जुन्या पिढ्यांनी जे पाहिले, ते घरीच बाळगण्याची हौस आता निर्माण झाली आहे. हौसेस आमची हरकत नाही. मात्र मुका जीव घरात आणला की त्याच्या प्राणांची जबाबदारीही घरात येते, आणि ती पार पाडण्यास पैशापेक्षा परीक्षा अधिक लागते.

आपली ज्ञाती सोनारांची. पिवळा धातू सोने की पितळ, हे आपल्यात कोणी नुसत्या रंगावरून ठरवीत नाही. कसोटीवर रेघ ओढतो, डोळ्यास भिंग लावतो. टाकीच्या बाबतीत मात्र उलट चालते. वाळूवर तपकिरी थर दिसला की दुकानदार देईल ते औषध ओतावयाचे! वस्तुतः हा थर निरनिराळ्या जीवांचा असू शकतो, आणि एकाचा उपाय तो दुसऱ्याचा अपाय ठरतो.

पहिला जीव डायटम नावाचे शैवाल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची काचेसारखी कवचे होडीच्या अथवा काडीच्या आकाराची, रेखीव नक्षीची दिसतात. नव्या टाकीत ते बहुधा येतेच, आणि पाण्यातील सिलिका सरली की आपोआप ओसरते. नळाचे पाणी न वापरता शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवावे, म्हणजे झाले. दुसरा नीलहरित जीवाणू. याचे लांबच लांब धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. मासे खातील त्याहून अधिक अन्न टाकणे व कोपऱ्यात पाणी न खेळणे, ही याची नेहमीची कारणे. थर नळीने ओढून काढावा, अन्न कमी करावे, प्रवाह वाढवावा.

तिसरा जीव डायनोफ्लॅजेलेट, आणि हा खरा कपटी. यास चाबकासारखे दोन तंतू असतात व त्यांच्या बळावर तो पोहतो. यातील ऑस्ट्रिऑप्सिस नावाची पेशी पाण्याच्या थेंबासारखी, एका टोकास निमुळती असते आणि खुंट्यास बांधलेल्या जनावराप्रमाणे जागच्या जागी गरगर फिरते. ती विषारी असल्यामुळे शंखातील गोगलगाई तिच्यापायी मरतात. म्हणून नमुना घेताना हातमोजे घालावे. पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये जवळजवळ शून्यावर आली असता हा जीव पुष्कळदा माजतो. अशा वेळी स्वच्छतेच्या हव्यासाने वरचेवर पाणी बदलणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

आमच्या परिचयातील एका तरुणाच्या टाकीत हेच घडले. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून तो दर दोन दिवसांनी पाणी बदलीत राहिला. थर वाढला, गोगलगाई मेल्या, घरात खर्चावरून वाद सुरू झाला व टाकी मोडण्याची गोष्ट निघाली. दिवाळीस गावी येताना त्याने थोडा थर बाटलीतून आणला. यंत्राखाली धरताच त्या गरगरणाऱ्या पेशी दिसल्या. त्याने पाणी बदलणे थांबविले, पोषक द्रव्ये बेताने वाढू दिली, आणि ही जात रात्री पाण्यात तरंगते म्हणून अतिनील दिव्याजवळून पाणी खेळविले. काही आठवड्यांनी वाळू पुन्हा पांढरी दिसू लागली.

कृती सोपी आहे. थराचा कण टाकीच्याच पाण्यासह काचपट्टीवर घ्यावा. गोड्या पाण्यात या पेशी फुटून जातात. वरून पातळ काच तिरकी टेकवून हळूच सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. प्रथम चाळीसपट, मग शंभरपट व शेवटी चारशेपट मोठे करून पाहावे.

माशांच्या रोगांतही हाच न्याय. अंगावर पांढरे ठिपके आले, तर क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी त्वचेत शिरलेला असू शकतो. त्वचेवरील चिकट द्रव पाहिल्यास तो गोल, केसाळ व सावकाश फिरताना दिसतो. सोनेरी धूळ पडल्यासारखे दिसले, तर अमायलूडिनियमचा संशय घ्यावा. तो थोड्याच दिवसांत मासे मारतो. दोहोंवर तांब्याचे औषध चालते, परंतु ते मासे वेगळ्या टाकीत ठेवूनच द्यावे. मुख्य टाकीत ओतल्यास प्रवाळ व कोळंबी त्यानेच मरतात. शिवाय समुद्रातील दगडी प्रवाळ तोडून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे.

यंत्र महाग असते, असे कोणी म्हणेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवितो व अल्प किमतीत मिळतो. आणि विद्वत्ता नाही म्हणावे, तर सतराव्या शतकात पाण्यातील सूक्ष्म जीव प्रथम पाहणारा लेवेनहूक हा हॉलंडमधील कापडाचा व्यापारी होता. त्यास लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. परंतु स्वतः घासलेल्या भिंगातून पाहण्याची चिकाटी त्याच्यापाशी होती.

आमची विनंती इतकीच, की ज्ञातीच्या विद्यार्थी निधीतून एक चांगला सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि मुलांस तो मोकळेपणाने हाताळू द्यावा. टाकीतील पाणी असो, विहिरीचे असो वा गोदामाईचे असो, आधी पाहावे आणि मग उपाय करावा, हे वळण त्यांस लागले, तर निधीचे चीज होईल.