गोष्टीतली अधू मुलगी



वर्धापनदिनी मुलांच्या गोष्टींविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच मुद्दा मांडते.

राजाराणीच्या, गडकोटांच्या, जादूच्या गोष्टी मुलांना फार आवडतात. पण त्या गोष्टींत अपंग मुलगी कुठे असते, हे आपण कधी पाहिले आहे का? मंथरेची पाठ वाकडी, तसे मनही वाकडे. कुब्जा भली, पण कृष्णाने तिला सरळ केले, तेव्हाच तिची कथा गोड झाली. म्हणजे एक तर दुष्ट, नाहीतर शेवटी बरी झालेली! आपल्या गल्लीतल्या ज्या पोरीचा पाय बरा होणार नाही, तिने स्वतःला यांतल्या कुठल्या जागी बसवावे?

आता नवल पाहा. ‘वीरधवल’ ही जुन्या राज्यांची अद्भुत कादंबरी १९१३ सालची. ती लिहिणारे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, १९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले. कमरेखालचे अंग लुळे झाले. त्यानंतर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ज्यांना चार पावले टाकता येत नव्हती, त्यांच्या पराक्रमाच्या कथांवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या.

दुसरी कथा आपल्या गोदाकाठची. पैठणच्या कूर्मदासाला हातपाय नव्हते. तरी तो जमिनीवर सरपटत पंढरीला निघाला. लऊळपर्यंत पोचला, पुढे जाववेना. तेव्हा विठ्ठलच तिथे त्याच्या भेटीला आला, असे संतकथा सांगते. लऊळला त्याचे मंदिर आहे. या कथेत कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. त्याला हवी होती ती भेट मिळते.

मुलींसाठी मला अशीच नायिका हवी आहे. तिच्या काखेत कुबडी असावी. गड चढताना तिला वेळ लागावा आणि बरोबरच्यांनी थांबावे, कारण मसलत तिची आहे! तिने हट्ट करावा, रागवावे, कधी चुकावेही. देवीसारखी सोशिक नको आणि कीव करण्यासारखी तर नकोच.

कुणी म्हणेल, मुलीला बरे व्हावेसे वाटणारच. खरे आहे. औषधपाणी जरूर करावे. पण तोवर तिची गोष्ट थांबवून ठेवू नये.

असे पुस्तक हाती येईपर्यंत वाट कशाला पाहायची? आपण आयाबाया पूर्वीपासून गोष्टी रचतच आलो आहोत. स्थळही दूर शोधायला नको. जनाबाईचे गंगाखेड आहे, चारठाण्याची जुनी देवळे आहेत. यंदा प्रत्येकीने अशी एक गोष्ट मुलांना सांगावी. अधू पायाची पोर दाराशी बसली असेल तर तिला पुढे बोलवावे आणि गोष्ट ऐन रंगात आली, की पुढे नायिका काय करते, ते तिलाच विचारावे.