राजापूरचे दंडवतेसर



खासदार म्हटलं की डोळ्यांपुढे गाड्यांचा ताफा येतो. मी आज फिजिक्सच्या एका मास्तरांबद्दल बोलणार आहे. प्रा. मधु दंडवते. जन्म १९२४चा, अहमदनगरचा. मुंबईत बाबासाहेबांनी काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजात ते शिकवायचे. १९७१ मध्ये राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि तिथूनच सलग पाच वेळा निवडून आले.

आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायकोचं बोलणं पत्रांतून चालायचं. (प्रमिलाताई १९८० मध्ये मुंबईतून खासदार झाल्या, हे आपण सहसा विसरतो.)

१९७७ ला सर रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या कामगारांना त्यांनी परत घेतलं. पण मला जास्त मोठं वाटतं ते दुसरंच काम. तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या डब्यात नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. रात्रभराच्या प्रवासात पाठ आखडून जायची. सरांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुटली. तिच्यात पहिला वर्गच नव्हता.

तुम्ही मला नेहमी विचारता, ‘संसदेत आपली माणसं किती?’ विचारलंच पाहिजे, आकडा कमीच आहे. पण निवडून गेलेला माणूस तिथे करतो काय, हेही विचारा. त्या फोमवर आपले चाचा झोपले, पंढरीचा वारकरी झोपला, बिहारचा मजूरही झोपला.

आता कोकणाचं. आपल्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईला कामाला, आणि जायला यायला रात्रभर एसटी. कोकणात रेल्वे हवी, हे सर वर्षानुवर्षं मांडत राहिले. १९९० मध्ये ते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. अडचण पैशाची होती. मग वेगळं महामंडळ काढलं. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, उरलेला कर्नाटक, गोवा आणि केरळचा. बाकीची रक्कम रोखे विकून उभी करायची. मास्तरांचं गणित ते!

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरनं त्यांना पाडलं. रोह्यापासून मंगळूरपर्यंतची गाडी १९९८ मध्ये धावली, तेव्हा सर खासदार नव्हते.