लांबची वाट, कमी तास

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर पूर्वेकडून जावं की पश्चिमेकडून? दिल्ली ७७ अंश पूर्व रेखांशावर आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलं तर अंतर भरतं साधारण १२,३५० किलोमीटर. ही दोरी उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते.

विमानाची वाट मात्र याहून लांब असते. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमानं पश्चिमेला, अटलांटिकवरून जात. सुमारे १३,९०० किलोमीटरच्या या प्रवासाला साडेसोळा तासांच्या आसपास वेळ लागे.

मग १६ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीनं बोइंग ७७७ विमान उलट दिशेनं, पॅसिफिकवरून पाठवलं. ही वाट होती सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं!

ही किमया वाऱ्याची. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. तिथं ताशी दीड-दोनशे किलोमीटर वेग सहज आढळतो, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. हे विमान स्वतःच्या बळावर ताशी नऊशेच्या आसपास जातं. वरचे आकडे भागून पाहिले, तर अटलांटिकच्या वाटेवर सरासरी पडते ताशी ८४० किलोमीटर आणि पॅसिफिकच्या वाटेवर १,०५५. परतीचं विमानही पूर्वेलाच, अटलांटिकवरून निघे. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण!

या वाऱ्यांची मोजमापं जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात केली होती. त्यांनी आपला अहवाल छापला तो एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत. तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये टोकियोवर झेपावणारी अमेरिकी बॉम्बफेकी विमानं याच वाऱ्यात सापडली, तेव्हा वाऱ्याचा जोर वैमानिकांच्या लक्षात आला.

वाऱ्याबरोबर राजकारणही घड्याळ फिरवतं. फिनएअर या विमान कंपनीचं हेलसिंकी ते टोकियो विमान रशियावरून सुमारे साडेनऊ तासांत जात असे. २०२२ मध्ये रशियाचं आकाश त्याला बंद झालं. मग हे विमान उत्तर ध्रुवावरून जाऊ लागलं आणि प्रवास तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं.

लेकी-मुलांकडे कॅलिफोर्नियाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांनी तिकिटावरचे जाण्याचे आणि येण्याचे तास ताडून पाहावेत. शहरं तीच असली तरी तासा-दोन तासांचा फरक तिथं सहज सापडेल.