कलौंजीचे तेल : घटक आणि कसोटी
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. लोणच्याच्या मसाल्यात आणि नानवर पसरलेला तो काळा, त्रिकोणी दाणा म्हणजे कलौंजी. अरबीत तिला हब्बतुस्सौदा म्हणतात, युनानी हकीम तिला शोनीज या नावाने ओळखतात आणि वनस्पतिशास्त्रात तिचे नाव नायजेला सटायव्हा असे आहे. बुखारी शरीफ आणि मुस्लिम शरीफ या दोन्ही संग्रहांत तिच्या गुणांचा उल्लेख असल्यामुळे आपल्या समाजात तिला मोठा मान आहे. त्या मानामुळेच तिच्या तेलाच्या बाटल्या घरोघरी येतात. पण त्या बाटलीत नेमके काय आहे आणि ते आपल्याला कसे कळावे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

खरे तर हा प्रश्न जालन्याच्या माणसाला परका वाटू नये. 'जालना सोने का पालना' असे आपल्या शहराबद्दल जुने लोक म्हणत आले. पुढे याच शहराला बियाण्यांनी देशभर नाव मिळवून दिले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही संस्था सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपला शेतकरी बियाण्याची पिशवी उचलतो तेव्हा दुकानदाराच्या शपथेवर भागत नाही. तो पिशवीवरचे लेबल पाहतो. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते आणि ती ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत ४०० दाणे ओल्या कागदावर ठेवून कोंब मोजतात. सगळे बी सारखेच काळेभोर दिसते. जिवंत कोणते आणि मेलेले कोणते, हे मोजल्यावरच कळते. तेलाचेही तसेच आहे.

आता कांद्याच्या बियांचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरीची सूचना आधीच देतो. कांद्याचे बी आणि कलौंजी दिसायला इतके सारखे की भले भले फसतात. जालना आणि बुलढाणा हे तर कांदा बीजोत्पादनाचे जिल्हे. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेले असते आणि ते खाण्यासाठी वापरू नये, अशी सूचना पाकिटावर छापलेली असते. असे उरलेले बी कलौंजी समजून कोणी कुटले किंवा त्याचे तेल काढले, तर औषधाच्या जागी विष पोटात जाईल. ओळख सोपी आहे. दोन दाणे बोटांत चुरडा. कलौंजीला ओव्याच्या जवळचा, तिखट-कडसर वास येतो. कांद्याच्या बियांना तसा वास नसतो. नावांचाही घोळ आहे. कलौंजीला काही ठिकाणी काळे जिरे म्हणतात. पण त्याच नावाने शहाजिरेही विकले जाते आणि कडू जिरेही. कारळे तर आणखी वेगळे. इंग्रजीत कारळ्याला 'नायजर' आणि कलौंजीला 'नायजेला' म्हणत असल्यामुळे तेल घेताना एकाऐवजी दुसरे हाती पडण्याचा संभव असतो.

आता दाण्याच्या आत शिरू. कलौंजीच्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३० ते ४० ग्रॅम तेल असते. यातले बहुतेक तेल हे करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलासारखेच स्थिर तेल असते. त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल, पाव हिश्शाच्या आसपास ओलेइक आम्ल आणि काही पामिटिक आम्ल असते. हे तेल पौष्टिक खरे, पण ज्या गुणासाठी आपण कलौंजी घेतो तो केवळ यात नाही. दाण्यात आणखी एक तेल असते, ते म्हणजे उडनशील तेल. त्याचे प्रमाण बहुधा दाण्याच्या एक टक्क्याच्या मागेपुढे असते. दाणा चुरडल्यावर नाकाला झोंबते ते हेच.

या उडनशील तेलातला प्रमुख घटक म्हणजे थायमोक्विनोन. १९६३ साली इजिप्तमधील शास्त्रज्ञ अल्-दखाखनी यांनी तो कलौंजीच्या तेलातून वेगळा केला. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. शुद्ध स्वरूपात तो पिवळ्या स्फटिकांसारखा दिसतो. ओव्यातल्या थायमॉलचा तो जवळचा नातलग. म्हणून तर वासात साम्य. त्याच्याबरोबर पॅरा-सायमीन, कार्व्हाक्रॉल, थायमोहायड्रोक्विनोन असे सोबतीही असतात. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत दाह कमी करण्याचा गुण मुख्यतः थायमोक्विनोनमध्ये दिसून आला. म्हणून तेलाचा कस ठरवताना प्रथम तोच मोजतात.

मग सर्व बाटल्यांत तो सारखा का नसतो? कारणे अनेक आहेत. वाण, जमीन आणि हवामान यांनुसार दाण्यातच फरक पडतो. राजस्थान, मध्य प्रदेशात हे पीक मोठ्या प्रमाणावर होते. पण प्रत्येक मालाचा कस एक नसतो. दुसरे कारण तेल काढण्याची रीत. थंड घाण्यावर काढलेल्या तेलात उडनशील भाग बऱ्याच अंशी टिकतो. द्रावक वापरून तेल काढले आणि मग तो द्रावक उष्णतेने उडवला, तर त्याच्याबरोबर हा भागही उडून जातो. तिसरे कारण साठवण. थायमोक्विनोनला उजेड सोसत नाही. पांढऱ्या पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात महिनोन्महिने राहिलेले तेल नावाचेच उरते. आणि चौथे कारण, जे सांगताना संकोच वाटतो, ते म्हणजे भेसळ. महागड्या तेलात स्वस्त तेल मिसळले की नफा वाढतो आणि रंग तसाच गडद दिसतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता हे मोजतात कसे ते पाहा. यासाठी वापरले जाणारे प्रमुख यंत्र म्हणजे एच.पी.एल.सी. बारीक कणांनी गच्च भरलेल्या एका नळीतून तेलाचे द्रावण मोठ्या दाबाने ढकलले जाते. प्रत्येक घटक त्या कणांना कमीअधिक चिकटतो, म्हणून प्रत्येकाला बाहेर यायला वेगळा वेळ लागतो. शाळा सुटल्यावर सगळी मुले एकाच फाटकातून निघतात, पण कोणी मित्रांशी बोलत रेंगाळते, कोणी थेट घर गाठते, तसेच हे. नळीच्या तोंडाशी अतिनील किरणांचा पहारेकरी असतो. थायमोक्विनोन ते किरण शोषून घेते आणि कागदावर एक शिखर उमटते. शिखराचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितके घटकाचे प्रमाण अधिक.

पण नुसते शिखर पाहून भागत नाही. तुलनेला प्रमाणित नमुना हवा. समजा, शुद्ध थायमोक्विनोनच्या १ मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अशा द्रावणाने ५००० एकक क्षेत्रफळाचे शिखर दिले. मग आपण १०० मिलिग्रॅम तेल १० मिलिलिटर द्रावकात विरघळवले आणि त्याचे शिखर २५०० एकक आले. याचा अर्थ द्रावणात प्रत्येक मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम थायमोक्विनोन आहे. त्याच मिलिलिटरमध्ये तेल आहे १०,००० मायक्रोग्रॅम. ५० भागिले १०,०००, म्हणजे अर्धा टक्का. पाहा, दहावीच्या त्रैराशिकाने हा हिशेब सुटला!

याच त्रैराशिकाने गृहिणींनाही एक गोष्ट कळेल. चहाचा चमचा साधारण ५ मिलिलिटरचा, म्हणजे अंदाजे साडेचार ग्रॅम तेलाचा. एक टक्क्याच्या तेलात त्या चमच्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम थायमोक्विनोन असेल. एक दशांश टक्क्याच्या तेलात फक्त साडेचार. चमचा तोच, दाम कदाचित तोच, पण माल दहापट कमी.

ही एकच चाचणी मात्र पुरेशी नाही. साध्या तेलात बाहेरून कृत्रिम थायमोक्विनोन घातले तरी शिखर मोठे येईल. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफी या दुसऱ्या पद्धतीने त्याचे सोबती तपासतात. पॅरा-सायमीन वगैरे मंडळी गैरहजर असतील तर संशयाला जागा आहे. स्थिर तेलातली आम्लेही मोजतात. कलौंजीच्या तेलात आयकोसाडायएनोइक नावाचे एक आम्ल थोड्या प्रमाणात असते, जे सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या तेलात नावापुरतेच आढळते. तेल खवट झाले आहे का, हे पेरॉक्साइड अंक आणि आम्लता अंक यांवरून समजते. ओळख, कस, शुद्धता आणि ताजेपणा या चारही गोष्टी जुळल्या तरच तेल खरे.

पालकांना ही यंत्रे घरी आणता येणार नाहीत, आणि चव, रंग किंवा घशाला लागणारी जळजळ यांवरून टक्के सांगता येत नाहीत. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. बाटली गडद काचेची आहे का ते पाहा. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, खाद्यपदार्थ म्हणून विकत असल्यास १४ अंकी परवाना क्रमांक आणि युनानी औषध म्हणून विकत असल्यास औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक पाहा. त्या बॅचचा तपासणी अहवाल आहे का, हे विक्रेत्याला विचारा. बाटली चुलीजवळ ठेवू नका. आणि हे काहीच जमत नसेल, तर चांगले अख्खे दाणे आणून हवे तेव्हा कुटणे, हा सर्वांत स्वस्त आणि विश्वासाचा मार्ग आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. तेलाचा कस कळला म्हणजे रोग बरा होण्याची हमी मिळाली, असे नाही. माणसांवर झालेल्या काही लहान अभ्यासांत रक्तातली साखर, रक्तदाब आणि चरबी यांवर कलौंजीचा थोडा अनुकूल परिणाम दिसला आहे. थोडा, हा शब्द लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून तिच्या जागी चमचाभर तेल घेणे हा जिवाशी खेळ आहे. उलट औषधाबरोबर तेल घेतल्याने साखर किंवा रक्तदाब अधिकच उतरू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय औषधी मात्रा घेऊच नये.

कोणी म्हणेल, हा श्रद्धेला दिलेला धक्का आहे. मला तसे वाटत नाही. हदीसमधले शब्द सर्वसाधारण असले तरी त्यांचा आशय ज्या रोगांना ती मानवते त्यांच्यापुरता आहे, असे इमाम खत्ताबींसारख्या जुन्या भाष्यकारांनीही म्हटले आहे. शिवाय गुण सांगितला आहे तो दाण्याचा, कोणा व्यापाऱ्याच्या लेबलाचा नव्हे. बाजारात धान्याच्या राशीत हुजूर पैगंबर साहेबांनी (स.) हात घातला, आतला ओलावा बोटांना लागला आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. वरचे कोरडे धान्य पाहून ते पुढे गेले नाहीत. राशीच्या आत काय आहे ते त्यांनी पाहिले. नमुना तपासण्याचा याहून मोठा आदर्श कोणता हवा? प्रयोगशाळेतली ती नळी म्हणजे राशीत घातलेला हातच आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आणि विशेषतः मुलींनो, रसायनशास्त्राकडे परीक्षेचा विषय एवढ्याच दृष्टीने पाहू नका. औषधनिर्माण, अन्नतपासणी, बीजपरीक्षण ही सगळी क्षेत्रे आपल्या दाराशी आहेत. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. आपल्या समाजात कलौंजी विकणारे पुष्कळ आहेत आणि तिचे गुण सांगणारे त्याहून अधिक आहेत. ती तपासू शकणारे मात्र मोजके. ती उणीव तुम्ही भरून काढावी, आणि पालकांनी त्यासाठी मुलामुलींना शेवटपर्यंत शिकू द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.